पाचवा रकाना

मापारीबुवांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत कापसात गेलेला होता. अकोल्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीच्या मागच्या फाटकाशी ते कापसानं भरलेल्या बैलबंडीवर ओणवे झाले होते. डोळे मिटलेले. बंडीचा मालक खाली उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. थोड्या वेळानं त्यांनी हात बाहेर काढला, गालाला लावला आणि म्हणाले, "ओला हाये बापा. ओट्यावर टाक. दोन घंटे सुकू दे, मंग काट्यावर आण."

शेतकरी कुरकुरला, पण त्यानं बैल ओट्याकडे वळवले.

माझे मामा त्या फॅक्टरीचे मॅनेजर होते. मी अमरावतीला कॉलेजात गणित शिकवत होतो. आमच्या घरात शिकवण्याखेरीज दुसरं काही कुणी केलं नव्हतं, त्यामुळे मामांची फॅक्टरी आम्हा भावंडांना लहानपणापासून जत्रेसारखी वाटायची. या वेळी मात्र मी कामानं आलो होतो. साठच्या दशकातली ती शेवटची वर्षं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी मुंबईच्या एका संस्थेत दोन महिने राहून गणकयंत्र चालवायला शिकलो होतो. आमच्या सबंध वऱ्हाडात तेव्हा असं यंत्र कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या यंत्राला कळणारी भाषा फोरट्रान. सूत्रं सोडवायला ती उत्तम, पण तिच्यात सगळा कारभार आकड्यांच्या रांगांचा. तिथल्याच ग्रंथालयात एका परदेशी मासिकात मी सिम्युला नावाच्या नव्या भाषेबद्दल वाचलं. नॉर्वेतल्या लोकांनी ती बनवली होती. तिच्यात एखादी वस्तू कशी असते आणि कशी वागते ते एकदाच सांगायचं. मग तशा हव्या तेवढ्या वस्तू जन्माला घालायच्या. प्रत्येकीची आठवण वेगळी, प्रत्येकीला आपलं पुढचं काम ठाऊक. एक वस्तू थांबली की दुसरी चालू लागणार, आणि पहिली पुन्हा जागी झाली की जिथं थांबली तिथूनच पुढं जाणार. मी तो लेख तीनदा वाचला आणि हातानं उतरवून घेतला.

संस्थेतल्या प्रमुखांना मी विचारलं, "ही भाषा आपल्याकडे येईल का?"

"येईल तेव्हा येईल," ते म्हणाले. "तिची नक्कल फोरट्रानमध्ये करून दाखवा. खरोखरचं उदाहरण घ्या. पुढच्या उन्हाळ्यात यंत्रावर वेळ देतो. जमलं तर तुमच्या इथल्या नेमणुकीचंही बघू."

नेमणुकीचा तो शब्द मी अमरावतीला परतताना गाडीत सारखा घोळवत होतो.

उदाहरण मामांनी दिलं. फॅक्टरीला दोन फाटकं होती आणि वजनाचे दोन काटे, पुढच्या फाटकाशी एक आणि मागच्या फाटकाशी एक. मालकांना मागची जागा गठाणी रचायला हवी होती. मामा मला म्हणाले, "एका काट्यावर भागेल का, एवढं तुझ्या यंत्राला विचार. मी अंदाजानं सांगितलं आणि बंड्यांची रांग सडकेवर गेली, तर माझी नोकरी जाईल."

प्रश्न सिम्युलाला शोभेल असा होता. बंडी येते, रांगेत लागते, तिचा कापूस तपासला जातो, ओला निघाला तर ओट्यावर जाते, सुकून काट्यावर येते, निघून जाते. प्रत्येक बंडी म्हणजे एक वस्तू.

त्यासाठी बंड्या येण्याजाण्याच्या वेळा हव्या होत्या. पुढच्या काट्यावरचा मापारी तरुण होता आणि मालकांच्या नात्यातला; त्यानं नाही म्हणून सांगितलं. मागच्या काट्यावरच्या मापारीबुवांकडे मी एक कोरी वही आणि मामांचं जुनं हातघड्याळ घेऊन गेलो.

"काहून पायजे जी हे?" त्यांनी विचारलं.

"हिशेबासाठी. बंड्यांचा वेळ कसा वाचेल ते बघायचं आहे."

"मंग चांगलं हाये. लोकं लय ताटकळून राह्यतात."

मी खोटं बोललो नव्हतो, पण खरंही सांगितलं नव्हतं. त्या वहीतून त्यांचाच काटा राहतो की जातो हे ठरणार होतं, आणि ते मला ती वही त्यांच्या हातात देताना पक्कं ठाऊक होतं.

दोन आठवडे त्यांनी टिपणं ठेवली. मी न सांगितलेलंही लिहिलं होतं: कोणत्या बंडीचे बैल थकलेले, कोणती बंडी पहाटे निघाल्यानं दंवात भिजलेली, कुणी मुद्दाम पाणी शिंपडलेलं. वही परत देताना ते म्हणाले, "मास्तर, सगळ्या बंड्या एकसारख्या धरू नका. जिचं तिचं येगळं असते."

नॉर्वेच्या लेखात मी जे तीनदा वाचलं होतं ते हेच होतं. मी हे त्यांना सांगितलंसुद्धा. ते खूश झाले. त्या दिवशी त्यांनी मला आपल्या डब्यातली भाकर आणि ठेचा खाऊ घातला.

हिवाळाभर मी अमरावतीला बसून नक्कल रचली. फोरट्रानमध्ये वस्तू नसते, म्हणून मी चाळीस ओळींचा एक तक्ता केला. एका वेळी अंगणात चाळिसाहून जास्त बंड्या मावत नव्हत्या. एक ओळ म्हणजे एक बंडी. प्रत्येक ओळीत पाच रकाने: आल्याची वेळ, वजन, बैलांची स्थिती, पुढचं काम आणि पाचवा रकाना कापूस सुकवून झाला की नाही याचा. सुकवून झाला की तिथं एक पडायचा, नाहीतर शून्य. ओळी क्रमानं द्यायच्या; चाळिसावी भरली की पुन्हा पहिलीपासून, आधीची बंडी निघून गेलेली ओळ नव्या बंडीला. कोणती बंडी ओली निघणार ते यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, प्रमाण मात्र मापारीबुवांच्या वहीतलं.

मे महिन्यात छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे ट्रंकेत घालून मुंबईला गेलो. पहिले आठ दिवस काही चाललं नाही. मग एका दुपारी छपाईयंत्रातून कागद खडखडत बाहेर आला आणि त्यावर बंड्या चालत होत्या! एक थांबत होती, दुसरी पुढं जात होती, पहिली पुन्हा जिथल्या तिथून निघत होती. प्रमुखांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. यंत्राचा निर्णय स्पष्ट होता. एका काट्यावर भागत होतं.

दसऱ्याच्या सुमारास मी तो कागद घेऊन अकोल्याला गेलो. मामा जठारपेठेत राहत. आम्ही ओसरीवर कागद पसरून बसलो होतो, तेवढ्यात मापारीबुवा आले. दरवर्षी हंगामाच्या आधी कामावर कधी यायचं ते विचारायला ते असे येत. मामांनी डोळ्यांनीच मला खुणावलं की विषय काढू नकोस. पण मला बढाई मारायची होती.

"या, बसा. तुमच्या वहीतल्या बंड्या कशा चालल्या ते बघा."

ते उकिडवे बसले. काट्यावरचे इंग्रजी आकडे वाचायची त्यांना सवय होती. आकड्यांशेजारी काही ठिकाणी फुली होती. "या फुलीचा अर्थ काय जी?"

"ती बंडी ओली निघाली, ओट्यावर पाठवावी लागली."

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ पाहिली. कागदाच्या घड्या उलगडत शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्या पानावर आले. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते.

"मास्तर, पैल्या चाळीस बंड्यांपर्यंत बराबर हाये. मंग ओल्या बंड्या कमी कमी होऊन राह्यल्या. शेवटी शेवटी तं नाईच. त्या कुठी गेल्या?"

"तो नशिबाचा भाग आहे. यंत्र चिठ्ठ्या टाकतं ना."

"नशीब म्हणता तं ठीक हाये. पण दंव तं रोजच पडते जी."

"बुवा, यंत्र चुकत नाही," मी म्हणालो. मला त्यांचा राग आला होता. चौथीपर्यंत शिकलेला माणूस माझ्या कागदावर बोट ठेवत होता आणि मामा ऐकत होते.

"तुमाले जास्त समजते," ते म्हणाले आणि उठले. पायरीवर थांबून त्यांनी मामांना विचारलं, "मंग यंदा कवा येऊ?"

"कळवतो," मामा म्हणाले.

मी कागदाची घडी घालत होतो. मान वर केली नाही.

मामांनी कळवलं नाही. वीस हंगाम एका फाटकाशी काम केलेल्या माणसाला मागचं फाटक बंद झाल्याचं तिथं येऊनच कळलं. मामांनी पुढं मला सांगितलं की त्यांनी काट्याच्या साखळीला हात लावला आणि ते निघून गेले.

डिसेंबरात मी अकोल्याला गेलो तेव्हा बंड्यांची रांग फॅक्टरीच्या भिंतीला वळसा घालून सडकेवर, तिथून पुढे नाल्यापर्यंत गेली होती. बैल सोडून लोक बंड्यांखाली झोपले होते. एका म्हाताऱ्याला विचारलं, "कधीपासून उभे आहात?"

"कालच्या सकायपासून. या लोकायनं एक काटा काहून बंद केला, कोणाले मालूम. पोराले बैलांच्या कुटारासाठी घरी धाडलं, तो अजून आला नाई."

मामा वैतागले होते. "यंदा पीकच दांडगं आहे रे. यंत्राला काय माहीत!" ते माझी बाजू घेत होते. तेच मला जास्त लागलं.

अमरावतीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजातून रजा घेतली आणि मुंबईचा कागद जमिनीवर पसरला. पहिल्या चाळीस बंड्यांपर्यंत बरोबर आहे, असं ते म्हणाले होते. चाळीस. माझ्या तक्त्याच्या ओळी चाळीस होत्या. पेन्सिल घेऊन मी एक ओळ धरली आणि तिच्यात एकामागून एक आलेल्या बंड्या हातानं चालवू लागलो. चौथी बंडी ओली होती. ती सुकली, पाचव्या रकान्यात एक पडला, ती गेली. त्याच ओळीत नवी बंडी आली. वेळ नवी, वजन नवं, बैल नवे, पुढचं काम नवं. पाचव्या रकान्यात मात्र जुनाच एक. नवी बंडी आली ती आधीच सुकवलेली, म्हणून यंत्र तिला ओट्यावर धाडतच नव्हतं.

सिम्युलात नवी वस्तू कोरीच जन्मते, तशी तिथं सोयच असते. माझ्या नकलेत मला प्रत्येक रकाना हातानं पुसायचा होता. मी चार पुसले होते. एका कार्डावरची एक ओळ राहून गेली होती, एवढंच. एकेक करून चाळीसही ओळी अशा बाटत गेल्या आणि शेवटाला माझ्या अंगणात ओला कापूस उरलाच नव्हता. अंगण अडवणाऱ्या आणि मापाऱ्याचा वेळ दुप्पट खाणाऱ्या बंड्याच नव्हत्या, म्हणून एका काट्यावर भागलं होतं.

आई जेवायला हाक मारत होती. मी तसाच बसून राहिलो. चूक सापडल्याचा जो आनंद गणिताच्या माणसाला होतो, तो मला क्षणभर झाला, हे इथं कबूल करतो. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हाच अकोल्याची गाडी धरायला हवी होती. हंगाम अर्धा बाकी होता, फाटक उघडता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं की यंत्रावर खात्री केल्याशिवाय बोलणं बरं नाही. खात्री पेन्सिलीनं झालीच होती. खरं कारण असं की उन्हाळ्यात मुंबईला मला या नकलेवर व्याख्यान द्यायचं होतं, आणि मामांना कळलं की सगळ्यांना कळलं असतं.

मे महिन्यात ते एक कार्ड घालून मी कार्यक्रम पुन्हा चालवला. आता दोन काट्यांशिवाय भागत नव्हतं. व्याख्यानात मी हेच उत्तर सांगितलं, जणू पहिल्यापासून तेच होतं. जुन्या वस्तूची आठवण नव्या वस्तूत शिरू नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे फळ्यावर तक्ता काढून समजावलं. "हे तुमच्या लक्षात कसं आलं?" असं प्रमुखांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "तपासताना दिसलं." टाळ्या झाल्या. नेमणुकीचं पत्र महिनाभरात आलं आणि मी मुंबईला रुजू झालो.

मामांना मी पोस्टकार्ड टाकलं: काही गोष्टी विचारात घ्यायच्या राहिल्या होत्या, यंदा मागचा काटा चालू करावा हे बरं. 'चूक' हा शब्द लिहिला नाही. मामांनी काटा चालू केला. त्यावर मालकांच्या नात्यातला आणखी एक तरुण बसला. दिवाळीत घरी आलो तेव्हा मामांकडूनच हे ऐकलं.

"आणि मापारीबुवा?" मी विचारलं.

"ते गेले ना पोरीकडे, वलगावला. आता कुठं त्यांना शोधत बसू?"

वलगाव अमरावतीपासून जेमतेम पाच-सहा मैलांवर. वर्षभर ते माझ्या घराच्या इतक्या जवळ होते. दुसऱ्या दिवशी परतवाड्याची एसटी धरून मी वलगावला उतरलो.

जावयाच्या घरापुढं ते बाजेवर बसून अंबाडीची दोरी वळत होते. मला पाहून गडबडीनं उठले. "मास्तर! या या. पोरी, पानी आण." त्यांच्या मुलीनं पाणी दिलं, गूळ दिला. मामांची, आईची, माझ्या नव्या नोकरीची चौकशी झाली. मी गूळ हातात धरून बसलो होतो.

"बुवा, मी चुकलो होतो," मी शेवटी म्हणालो. "तुम्ही ओल्या बंड्यांचं विचारलं होतं ना, ते बरोबर होतं. यंत्रात माझ्या हातून एक गोष्ट पुसायची राहिली. म्हणून तुमचा काटा बंद झाला."

ते दोरी वळायचे थांबले. "हे तुमाले कवा समजलं?"

"गेल्या हिवाळ्यात."

"हंगाम चालू होता तवा?"

"हो."

त्यांनी हातातली दोरी बाजेवर ठेवली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती.

"मालकाले सांगतलं?"

"नाही."

"मामाले?"

"नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यले, मास्तर?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मले तं पैलेच मालूम होतं का कापूस ओला हाये. ज्याईले मालूम नाई त्याईले सांगा ना. तिथी लोकं म्हणून राह्यले का बुढ्याच्या हाताले आता काई समजत नाई, म्हणून काढला. माह्या जावयाच्या कानावर आलं ते."

मी काहीतरी म्हणू लागलो तेव्हा मुलगी पुढं आली. "आता जा तुमी," ती म्हणाली. "बाबांले जेवाचं हाये."

सडकेवर एसटीची वाट बघत उभा होतो तेव्हा गूळ हातातच होता, वितळून बोटांना चिकटलेला.

त्या आठवड्यात मी अकोल्याला जाऊन सरळ मालकांना भेटलो. मामा शेजारच्या खुर्चीवर होते. तक्ता, चाळीस ओळी, पाचवा रकाना, वलगाव, सगळं सांगितलं. मालक सगळं ऐकून हसले. "प्रोफेसर, एवढं मनाला लावून घेता? काटा तर चालू झाला." मग मामांकडे वळून म्हणाले, "पण मॅनेजरसाहेब, भाच्याच्या कागदावर तुम्ही माझं फाटक बंद केलंत, हे बरं केलं नाहीत."

मामांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "हे मला आधी घरी सांगायचं होतंस." त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. माझ्या लग्नाला मामी एकटीच आली.

मालकांनी वलगावला माणूस पाठवून मापारीबुवांना बोलावणं धाडलं, हे खरं. ते अकोल्याला आले. फाटकाशी जमलेल्या लोकांसमोर मामांनी त्यांना सांगितलं की चूक तुमच्या हाताची नव्हती, आमच्या कागदाची होती. असं मी ऐकलं; मी तिथं नव्हतो, मुंबईला परतलो होतो. त्यांनी एक दिवस काटा केला. कापसात हात घातला, बंड्या ओट्यावर धाडल्या, संध्याकाळी काट्याची साखळी त्या तरुण मापाऱ्याच्या हातात दिली आणि मामांना म्हणाले, "झालं जी. आता हा करन. मी पोरीकडेच राह्यतो." ते पुन्हा अकोल्याला आले नाहीत.

मी त्यांना मुंबईहून दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्यांना मोठी अक्षरं सावकाश वाचता येत, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. तिसरं लिहायला घेतलं, आणि नवीन सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून टाकलं नाही.